मामा, दिसतं ते सांगते

मामा,

काल दुपारी टीव्ही लागला. तेरावं होऊन गेलं तरी त्याच्यावरचा टॉवेल कुणी काढला नव्हता. सुतकात लावायचा नाही म्हणून शीतलच्या पप्पांनी पहिल्या दिवशी टॉवेल टाकला आणि मग तो तसाच राहिला. काल ते म्हणाले, "लाव गं, कांद्याचा भाव तरी कळंल." भाव बघितला आणि ते कारखान्यावर गेले. मी बंद करायला उठले, तर तोच सिनेमा लागला होता. आपला पुलावरचा. पुलावरून धावत्या रेल्वेच्या टपावर उडी मारतो आणि तिथंच मारामारी करत पळत सुटतो, तो.

माझ्या मांडीवर गव्हाचं ताट होतं. त्यानं पहिला ठोसा मारला आणि माझ्या बोटानं ताटाच्या काठावर वाजवलं. ठण. दुसरा मारला, ठण. बोगदा आला तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ऐकायला कुणी नाही. तुमची बाज गोठ्याच्या भिंतीला उभी करून ठेवली आहे. तिच्या जागी फरशीवर चार पायांचे चार डाग आहेत. मी पुसले, निघत नाहीत.

मी ताट खाली ठेवलं. तो रेल्वेवरून पडला, पुन्हा चढला, नदीत गेला, वर आला. कुणी विचारलं नाही, "आता काय झालं?" मला तो सिनेमा पहिल्यांदाच मुका वाटला.

म्हणून लिहिते आहे. बोलून दाखवणं मला कधी जमलं नाही, ते फक्त तुमच्यापुढं जमायचं. तेही किती उशिरा.

लग्न होऊन कर्जतकडून इकडं कोपरगावला आपल्या वस्तीवर आले, तेव्हा तुम्ही आणि मी बोलत नव्हतो. भांडण नव्हतं. सुनेनं सासऱ्यापुढं बोलायचं नसतं, एवढंच. पाणी तापलं की मी आत्याबाईंना म्हणायचे, "आत्याबाई, मामांना सांगा पाणी तापलंय." तुम्ही दोन हातांच्या अंतरावर बसलेले असायचात. ऐकलेलं असायचं. तरी आत्याबाई तेच तुम्हाला सांगायच्या आणि मगच तुम्ही उठायचात. तुम्हीही तसंच. "तिला म्हणावं आमटीत मीठ न्हाई." आत्याबाई वळून मला सांगायच्या आणि मी मीठ आणायचे. आपल्या दोघांच्या मधे त्या चिंचेच्या झाडासारख्या उभ्या होत्या, आणि आपल्याला दोघांनाही सावलीच मिळत होती. त्या गेल्या तेव्हा कळलं की आता मीठ कोण सांगणार.

सिनेमाचं वेड तुम्हाला पहिल्यापासून. जत्रेतल्या तंबूत तुम्ही एकाच मुक्कामात एकच सिनेमा रोज बघितला होतात, हे आत्याबाई जेवताना नेहमी टोमण्यात सांगायच्या. "माझ्याकडं न्हाई बघितलं कवा एवढं." टीव्ही बाहेरच्या खोलीत, तुमच्या बाजेसमोर. मला तिथं येऊन बसता येत नव्हतं. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायचे, पाठ चौकटीला लावून, हातात काहीतरी काम घेऊन. तिथून मला टीव्हीचा उजवा अर्धाच दिसायचा. डावा अर्धा दाराआड. मी कितीतरी वर्षं अर्धे सिनेमे बघितले आणि मला ते पुरेसे वाटायचे. उजवीकडून माणूस पळत जायचा, दाराआड दिसेनासा व्हायचा, थोड्या वेळानं रक्त घेऊन परत यायचा. मधलं मी मनानं भरायची.

आत्याबाई गेल्या आणि त्यांच्या पाठोपाठ साखरेनं तुमचे डोळे नेले. आधी कडेचं दिसेना, मग मधलं. शेवटी तुम्हाला उजेड आणि अंधार एवढंच उरलं. टीव्ही मात्र तुम्ही लावायला सांगायचात. आवाज ऐकत बसायचात. पण तुमच्या आवडीच्या सिनेमात माणसं बोलतात कुठं? नुसत्या गाड्या उडतात आणि काचा फुटतात. एका दुपारी मोठा धडाका झाला आणि तुम्ही रिकाम्या खोलीला विचारलंत, "आता काय झालं?"

शीतल कॉलेजात, तिचे पप्पा कारखान्यावर. घरात मी आणि मनी. मनी माझ्या पायाशी झोपली होती. तुम्ही पुन्हा विचारलंत. मग मी मांजरीला म्हणाले, "मने, मामांना सांग, गाडी पुलावरनं नदीत पडली."

तुम्ही मान हलवलीत. जराही हसला नाहीत. म्हणालात, "मने, तिला इचार, आतला माणूस मेला का?"

"मने, सांग, न्हाई मेला. काच फोडून वर आलाय."

"मने, मग ह्यो कोण बोंबलतोय?"

"मने, ती त्याची बायको हाय. काठावर उभी हाय."

बरेच दिवस आपण मनीच्या तोंडून बोललो. मनी बाहेर गेलेली असली तरी. मग एकदा तुम्ही तोंड वर करून म्हणालात, "शीतलचे आई, मला एक सांग. ह्या पिक्चरात उजव्या हाताचीच माणसं कशी काय मरत्यात? मारणारा हाय कुठं?"

मनीला मधे घालायचं मी विसरले. म्हणाले, "तो दिसत न्हाई मामा. दाराआड हाय."

"पिक्चरात दार हाय?"

"पिक्चरात न्हाई. आपलं."

तुम्हाला समजायला थोडा वेळ लागला. मग असे हसलात की बाज करकरली. "अगं येडे, मग अलीकडं ये की. मला काय दिसतंय व्हय?"

मी उंबरा ओलांडून आले आणि तुमच्या बाजेपासून हातभर लांब, भिंतीला टेकून बसले. पदर तसाच डोक्यावर. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की टीव्हीला डावी बाजू पण असते. आपल्या वस्तीवर एवढी मोठी गोष्ट झाली आणि कुणाला पत्ता नाही.

पळापळीच्या सिनेमात मी मागं पडायची. एक ठोसा सांगेपर्यंत चार पडून गेलेले असायचे. "त्यानं याच्या पोटात बुक्की मारली, मग यानं त्याला धरून..." तुम्ही वैतागायचात. "अगं, ते कवाच जीपमध्ये बसलं. आवाज येतोय मला. तू अजून पोटातच हाईस." मग ताटाची युक्ती निघाली. ठोसा बसला की काठावर एकदा वाजवायचं. गाडी उलटली की दोनदा. कुणी वरून पडला तर नुसती बोटं घासत खाली आणायची. तोंड मोकळं राहिलं, तोंडानं माणसं सांगायची. लाल शर्टवाला, टकल्या, आईचा लाडका. रिकामं ताट वाजवू नये असं आत्याबाई म्हणायच्या, म्हणून मी ताटात नेहमी मूठभर गहू ठेवायचे. शीतल एकदा लवकर घरी आली आणि दारातच उभी राहिली. "मम्मी, पूजा चाललीय का?" तुम्ही म्हणालात, "गप बस, टकल्या मरतोय."

दुसरे सिनेमे शीतलनं आणले, तिच्या मोबाईलवर. परदेशातले, वर हिंदी बोलणं चिकटवलेलं. त्यांना आपण उलट्या डोक्याचे म्हणायचो. एकात घरभर पाणी खालून वर पडत होतं आणि बाई छत्री पायाखाली धरून चालली होती. एकात सगळं गाव घड्याळात राहात होतं. पहिल्या वेळी मी मोबाईल खाली ठेवला. "मामा, मला कळत न्हाई. मी चौथी शिकलेली. शीतल आली की तिला इचारा."

तुम्ही म्हणालात, "कळतंय का ते कुणी इचारलं? दिसतं काय ते सांग. कळायचं असंल तर मागनं कळंल."

मामा, मला आयुष्यात असं कुणी म्हणालं नव्हतं. शाळेत गुरुजींनी नाही, माहेरी नाही. सगळ्यांनी आधी कळलं का विचारलं, आणि नाही म्हटलं की पुढं विचारलंच नाही. मी मोबाईल उचलला आणि म्हणाले, "बाई हाय. चाळिशीची असंल. छत्रीवर पाय ठेवून चाललीय. पाणी तिच्या पायातनं निघून आढ्याला चाललंय. तिला त्याचं काय वाटत न्हाई. भाजी आणायला निघाल्यासारखं तोंड हाय."

"भाजीची पिशवी हाय का हातात?"

मी नीट बघितलं. "हाय."

"मग बरोबर हाय," तुम्ही म्हणालात, आणि तुमचं समाधान झालं.

दाराच्या सिनेमावरून आपलं भांडण झालं, ते अजून मिटलेलं नाही. एक म्हातारा माणूस घरातल्या भिंतीत एक दार बघतो. उघडतो तर आत त्याचंच लहानपणीचं घर, आणि तो स्वतःच पोर होऊन जेवायला बसलेला. आई वाढतेय. इकडच्या घरात त्याची बायको हाका मारतेय. तो मधे उभा, हात कडीवर. आणि मोबाईलची बॅटरी गेली. लाईट तर सकाळपासूनच नव्हती.

तुम्ही म्हणालात, तो आत गेला असणार आणि दार उघडं ठेवलं असणार. "आईनं वाढलेलं ताट सोडून कोण येतं माघारी?" मी म्हणाले, त्यानं दार लावलं आणि बायकोकडं गेला. "ती कवाधरनं हाका मारतीय मामा. तिच्या आवाजाकडं बघा की." तुम्ही म्हणालात, "तू बाई हाईस म्हणून." मी म्हणाले, "तुमी गडी हाय म्हणून." तोंडातून गेलं आणि मीच पदर तोंडाला लावला. सासऱ्याला उलट बोलले. तुम्ही इतके खूष झालात की शीतलच्या पप्पांना जेवताना सांगितलंत, "तुझी बायको भांडती रं माझ्याशी." त्यांना वाटलं तक्रार आहे. माझ्याकडं डोळे वटारून बघितलं. तुम्हाला ते दिसलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

शीतल म्हणाली होती, शेवट काढून दाखवते. तुम्हीच नको म्हणालात. "मग भांडायला काय उरंल?" परवा ती पुन्हा म्हणाली, "मम्मी, बघायचा का आता?" मी नको म्हणाले. तुम्ही नाही म्हणून मी तुमचं म्हणणं मान्य करीन असं समजू नका. त्यानं दार लावलंच असणार.

आणि मग तुमचा स्वतःचा सिनेमा सुरू झाला.

पहिल्यांदा तुम्ही मलाच सांगितलंत, आवाज खाली करून. टीव्ही बंद होता. "शीतलचे आई, भिंतीवर काय हाय का?"

"कॅलेंडर हाय मामा."

"दुसरं काय न्हाई?" तुम्ही भिंतीकडं बोट केलंत. "वरात चाललीय. बोटाबोटाएवढी माणसं. सगळ्यांना फेटं."

मी उठून भिंतीपाशी गेले. कॅलेंडर सोडून भिंत रिकामी होती. पण मला दुसरं काही सुचलं नाही, तुमचंच शिकवलेलं सुचलं. म्हणाले, "मामा, दिसतं काय ते सांगा."

तुम्ही सांगितलंत. फेटे जांभळे. वाजंत्री हाय पण आवाज न्हाई. घोडा हाय, वर नवरदेव न्हाई. कॅलेंडरच्या खिळ्यापाशी सगळी वळून दिसेनाशी होत्यात.

"नवरदेव कुठं ऱ्हायला?"

"माझी चप्पल तुटली व्हती लग्नात," तुम्ही म्हणालात. "तसा ऱ्हायला असंल मागं."

दोघंही हसलो. मग तुमचं हसू गेलं. "मी येडा झालो का गं?"

"येडं माणूस असं इचारत न्हाई मामा. आणि आपण बघितलेल्या पिक्चरांपरीस ही वरात लई शहाणी हाय."

पुढं बैल आला, त्याच्या पाठीवर आपली पाण्याची टाकी. छताला उसाचे तुरे आले. तुम्ही घाबरत नव्हता, पण एकदा चुलत जाऊबाई भामाबाई आल्या असताना तुम्ही बैलाला वाट द्यायला पाय आखडून घेतलात. त्यांनी विचारलं आणि तुम्ही खरं सांगून बसलात. संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्तीवर झालं. आत्याबाईंचा जीव घुटमळतोय, बाहेरचं काहीतरी आहे. शीतलचे पप्पा घाबरले. अमावास्येला एका देवऋषीकडं न्यायचं ठरवू लागले, भामाबाईंचा मुलगा टेम्पो काढणार होता. तुम्ही बाजेवर बसून सगळं ऐकत होता, हात मांडीत घेऊन. तुमचे हात मला अजून दिसतात.

मी उंबऱ्यावर होते. तिथून उठले आणि म्हणाले, "मामांना न्यायचं न्हाई."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. शीतलचे पप्पा म्हणाले, "तू आत जा."

"त्यांना दिसतंय ते खरं न्हाई हे त्यांना म्हाईत हाय. मला रोज सांगत्यात. डोळ्याचं हाय ते, डोळ्याच्या डॉक्टरला दाखवा. तिथं काय न्हाई म्हणाले तर न्या कुठं न्यायचं तिथं."

भामाबाई म्हणाल्या, "बया, हिला वाचा हाय व्हय?"

तुम्ही बाजेवरून म्हणालात, "हाय. तुला ऐकू आली न्हाई एवढंच."

श्रीरामपूरच्या डॉक्टरांनी तुम्हाला वरातीचं सगळं विचारलं, फेट्याच्या रंगासकट. मग म्हणाले, असं होतं आजोबा. डोळे चित्र पाठवायचे थांबले की डोकं आपल्या मनानं चित्रं लावतं. वेड नाही, भूत नाही. येताना एसटीत तुम्ही खिडकीकडं तोंड करून बसला होता. राहाता गाव मागं गेलं तेव्हा म्हणालात, "म्हंजे फुकटचा पिक्चर हाय." पुढं बसलेल्या शीतलच्या पप्पांचे खांदे हलताना दिसले. हसत होते की रडत, मी विचारलं नाही.

आता राहिलं ते. ते लिहायचं म्हणून एवढं लिहीत आले.

त्या दुपारी लाईट नव्हती. मी शेंगा फोडत होते. तुमचा सिनेमा चालू होता. तुम्ही म्हणालात, "आज बाया हायत. सगळ्यांची तोंडं दिसत्यात, वळखीची एक न्हाई. उंबऱ्यावर एक बसलीय, ताट घेऊन. तिला तेवढं तोंड न्हाई. नुसता पदर."

माझे हात थांबले.

"ती तू असशील," तुम्ही म्हणालात. "तुला मी नीट बघितलेलीच न्हाई. सुनेकडं बघायचं नसतं म्हणून बघितलं न्हाई. मग बघायचं ऱ्हाऊनच गेलं." मग म्हणालात, "पिक्चरातल्या एवढ्या माणसांची तोंडं सांगितलीस. तुझं सांग की."

"काय सांगायचं मामा," मी म्हणाले. "माणसासारखंच हाय."

"हिरोचं असं सांगितलं असतंस तर टीव्ही इकला असता मी."

मी हसले. टकल्याचं तोंड सांगता आलं, छत्रीवाल्या बाईचं सांगता आलं. स्वतःचं म्हटल्यावर मी पुन्हा शेंगा फोडायला लागले. लाईट आली, टीव्ही आपोआप लागला, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. तुम्हाला ते ऐकू आलं असणार. तुम्ही म्हणालात, "सवडीनं सांग. मी कुठं चाललोय?"

त्याच आठवड्यात तुम्हाला ताप आला. दवाखान्यात मी बाजूला बसलेली असायची, पण तिथं सारखं कुणीतरी असायचं, आणि शेवटी तुम्ही जागे नव्हता.

मामा, आज घरात कुणी नाही. शीतलचे पप्पा दाढी करतात तो आरसा मी खिडकीत ठेवला आहे. त्याला खाली तडा आहे, त्यातून हनुवटी दोन दिसतात, पण आहे एकच. दिसतं ते सांगते. कळायचं ते मागनं कळेल.

बाई आहे. चाळिशीच्या थोडी पुढं. रंग सावळा, उन्हात काम करून गालावर आणखी काळा. कपाळ मोठं, कुंकू जरा डावीकडं गेलंय. डाव्या भुवईत लहानपणी बाभळीचा काटा लागला होता, तिथं केस उगवले नाहीत, त्यामुळं ती कायम काहीतरी विचारायला आल्यासारखी दिसते. विचारत मात्र नाही. नाक बसकं, आईचं. कानापाशी चार केस पांढरे. डोळे आज लाल आहेत, ते धरू नका, एरवी बरे असतात. वरचा एक दात दुसऱ्यावर चढलेला आहे. हसताना ती तोंडाला पदर लावते ते त्याच्यासाठी. दबलेलं हसू ऐकून तुम्हाला वाटायचं लाजते. लाजतेही, पण जास्त करून दात.

तुम्ही हसवायचात तेव्हा ती पदर लावायला विसरायची. ते तुम्हाला कधी सांगितलं नाही.

पदर डोक्यावर होता, तो आता खांद्यावर घेतला आहे. दाराआड काही राहिलं नाही, मामा. बघा.